हरेश्वरने धरलेला ताड

हरेश्वर तामोरे लढाईवर जाऊन आला आहे, हे मला आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं. खुद्द हरेश्वरला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गेल्तो ना. तिकडचा पाव जाम कडक."

ही साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर रोज हिंदी बोलणारे नवेनवे लोक उतरत होते. मीही त्यांच्यातच एक ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरलो, फक्त माझ्याकडून देशाला विजेची अपेक्षा नव्हती. दांडीच्या अलीकडे किनाऱ्यावर एक गाव आहे, तिथल्या हायस्कुलात मला इतिहास शिकवायचा होता. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाच्या दोन्ही आळींत माझे विद्यार्थी आहेत आणि हे वाचून दोन्हीकडच्यांना मी पलीकडच्यांची बाजू घेतली असंच वाटेल.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात जो काळासावळा, रुंद खांद्यांचा, तिशी ओलांडलेला माणूस उभा होता तो हरेश्वर. शाळेचा शिपाई. "सैन्यात शिपाई, हितं बी शिपाई. बदली झाली, बढती नाय," असं तो स्वतःच सांगायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय राहत नसे. त्याने माझी ट्रंक उचलली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, मासळी खाता?" मी नाही म्हणालो. "मंग हितं कसं व्हायचं तुमचं," असं पुटपुटत तो पुढे चालू लागला. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.

तो ज्या लढाईवर गेला होता ती कांगोतली. आफ्रिकेतला तो देश स्वतंत्र झाला आणि लगेच त्याचे तुकडे पडायला लागले. एका प्रांताची फौज दुसऱ्या प्रांताच्या फौजेवर उठली. मग त्यांच्या मधे उभं राहायला साऱ्या जगाच्या वतीने वेगवेगळ्या देशांच्या पलटणी गेल्या, त्यात आपलीही होती. ह्या प्रकाराला मी वर्गात यादवी म्हणायचो. हरेश्वर त्याला भावकीचं भांडण म्हणायचा आणि त्याच्या तोंडून ते ऐकलं की माझा शब्द मला उगीच फुगवलेला वाटायचा.

सैन्याने त्याला काय दिलं म्हणाल, तर एक जोड बूट आणि थांबण्याची विद्या. बूट तो दर शनिवारी मुशीच्या तेलाने चोळायचा. मुशी म्हणजे शार्क, आणि तिच्या तेलाचा वास सोमवारी दुपारपर्यंत टीचर्स-रूममध्ये मुक्काम ठोकून असायचा. एवढी सेवा करून ते बूट तो वर्षातून दोनदाच घालायचा, एकदा झेंडावंदनाला आणि एकदा इन्स्पेक्शनला. बाकी अनवाणी. मी विचारलं तर म्हणाला, "बूट दाखवाया असतात, मास्तर. चालाया पाय हायत."

थांबण्याची विद्या मात्र रोजच्या वापरातली होती. इन्स्पेक्टर दोन तास उशिरा येवोत, बोईसरची एस.टी. न येवो, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका पालघरलाच अडकून पडोत, आम्ही सगळे येरझाऱ्या घालायचो, घड्याळं बघायचो, सरकारच्या नावाने बोटं मोडायचो. हरेश्वर भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि म्हणायचा, "हुकूम येल." त्याच्या मते शिपायाचं खरं काम थांबण्याचं. लढाई मधेमधे, तीसुद्धा झाली तर. "पिक्चरमधी थांबायचं दाखवत नाय," असं त्याचं म्हणणं होतं, "नायतर कोन बघायला जाईल."

पाकिस्तानशी लढाई झाली त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांच्या अंगात वीरश्री संचारली. राऊत हेडमास्तर मुळात गणिताचे, अतिशय सज्जन गृहस्थ, पण त्या दिवसांत ते प्रार्थनेनंतरच्या सूचनासुद्धा गर्जून द्यायला लागले. शाळेमागे खंदक खणायचा हुकूम निघाला. हरेश्वरने तो एकट्याने तीन दिवसांत खणला. खंदक सरळ होता, खोलीला बरोबर होता, आणि आतल्या बाजूने त्याने बसायला एक लांब पायरी ठेवली होती. हेडमास्तरांनी विचारलं, ही पायरी कशाला. हरेश्वर म्हणाला, "सायेब, ह्याच्यात बसायचंच असतं."

मग पुढच्या सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी ठरवलं की रणांगण पाहून आलेला माणूस आपल्या शाळेत आहे, तर मुलांसमोर त्याचं भाषण झालंच पाहिजे. हरेश्वर दोन आठवडे कानांवर हात ठेवत होता. शेवटी बूट घालून उभा राहिला. मुलं मैदानात मांडी घालून बसली होती, गावातले प्रतिष्ठित लोक खुर्च्यांवर होते, आणि हरेश्वरने भाषणाला सुरुवात केली ती जुलाबांपासून. पाणी बदललं की पलटणीचं काय होतं, हे त्याने जवळजवळ पाच मिनिटं सांगितलं. मग पाव. मग घरची पत्रं महिना-महिना कशी येत नसत आणि आली की वाचता येणाऱ्या शिपायाचा भाव कसा वधारायचा. मुलं कानांत प्राण आणून ऐकत होती. आमच्या तासाला ती कधी अशी बसली नव्हती. हेडमास्तर खोकून खोकून थकले तेव्हा दहावीतल्या एका मुलाने उठून विचारलं, "काका, तुमी किती मारले?"

"ढेकूण?" हरेश्वरने विचारलं. "मोजले नाय."

हशा ओसरल्यावर तो आपण होऊन पुढे म्हणाला, "मानूस एक बी नाय मारला. आमाला गोळी झाडायचा हुकूम नवता. आमी मधी उभं ऱ्हायचं. हिकडचे म्हनायचे तुमी तिकडचे, तिकडचे म्हनायचे तुमी हिकडचे. दोगं बी आमच्यावर झाडायचे." एवढं बोलून त्याने कडक सॅल्यूट ठोकला आणि तो खाली उतरला. हेडमास्तरांनी आभार मानताना त्याला 'आपल्या गावचा सिंह' म्हटलं. सिंह तेव्हा खुर्च्या उचलत होता.

पुढे एकदा, सहामाहीच्या पर्यवेक्षणात दोघंही कंटाळलो होतो तेव्हा, व्हरांड्यात चहा पिताना त्याने मला पुलाची गोष्ट सांगितली. एका नदीवर लोखंडी पूल होता. अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी, आणि पुलाच्या मधोमध वाळूच्या पोत्यांमागे निळं शिरस्त्राण घालून हरेश्वर आणि त्याचे पाच सोबती. असे चार महिने गेले. दोन्हीकडच्या फौजांतले शिपाई रोज पुलाच्या तोंडाशी येऊन बसायचे. अलीकडच्यांपैकी जोझेफ नावाच्या एकाला थोडं इंग्रजी यायचं आणि हरेश्वरला त्याच्याहून थोडं कमी, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"दोनी बाजूचे शिपाई एकच सवाल करायचे, मास्तर. घरी कदी सोडनार. बूट फाटलेले, जेवनाचा पत्ता नाय. भांडन कशाचं ते एकाला बी धड सांगता येत नवतं. आनि दोनीकडचे सायेब एकच जबाब द्यायचे. जिंकलो की सोडतो."

ह्या जोझेफचा थोरला भाऊ पलीकडच्या फौजेत होता आणि म्हातारी आई त्या भावाच्या घरी. एकदा जोझेफने धुरावर सुकवलेला एक मोठा मासा पानात गुंडाळून आणला आणि आईला पोचव म्हणून हरेश्वरच्या हातात दिला. सुक्या मासळीला नाही म्हणायला हरेश्वरला घरून शिकवलं नव्हतं. तो पलीकडे चाळीस पावलं चालून गेला, भावाच्या हातात मासा दिला आणि परत आला. हे एका साहेबाने दुर्बिणीतून पाहिलं.

"चौदा दिस पानी भरलं शिक्षेचं. गुन्हा काय लिवला, म्हायती? एका पक्षाची रसद दुसऱ्या पक्षाला पोचवली. एक मासा, मास्तर. तो बी शेपटीकडं मांजरानं खाल्लेला."

मी पोट धरून हसलो. मग विचारलं की पुढे त्या जोझेफचं काय झालं.

"मना दुसरीकडं धाडला. नंतर त्या पुलावर मोप गोळीबार झाला म्हनतात." त्याने कपातला चहा संपवला. "शिपायाला गोष्टीचा शेवट कोन सांगतं?"

घंटा द्यायला उठता उठता तो आणखी एक वाक्य बोलला होता. "भांडन मिटाया कोनीतरी हरावं लागतं, मास्तर, आनि हराया कोनी तयार नसतं." मला तेव्हा ते जुन्या सैनिकाचं तत्त्वज्ञान वाटलं. मी मान डोलावली आणि उत्तरपत्रिका मोजायला घेतल्या.

आता गावच्या भांडणाकडे येतो, कारण हरेश्वर मला आयुष्यभर आठवत राहिला तो त्या भांडणामुळे.

ह्या किनाऱ्यावर डोलजाळ्यांची मासेमारी चालते. भर समुद्रात लांबलचक लाकडी खुंट रोवतात आणि भरती-ओहोटीच्या वाहत्या पाण्यात त्या खुंटांना जाळी बांधतात. कुठल्या आळीचे खुंट कुठे, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. पण समुद्रावर कुंपण घालता येत नाही. तेव्हा जागा ओळखायची ती किनाऱ्याकडे बघून. अमुक झाड मागच्या डोंगराच्या तमुक खाचेशी जुळलं की तिथे आपला खुंट; ह्याला झाड धरणं म्हणतात. ही जुळणी ज्याच्या डोळ्यांत पक्की बसली आहे तो तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. पावसाळ्यानंतर, भांगेच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असताना, खुंट नव्याने रोवतात, आणि त्या एका दिवसाच्या नजरेवर आळीचं वर्षाचं पोट अवलंबून असतं.

गावात आळी दोन, उत्तरेची आणि दक्षिणेची. मधे एक ओहळ, ओहळावर फळ्यांचा साकव. उत्तर आळीचा तांडेल म्हणजे हरेश्वरचे वडील, काशिनाथ तांडेल. पंचेचाळीस वर्षं सुकाणू हातात असलेला माणूस. अलीकडे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण हे त्यांना सांगण्याची कुणाची छाती नव्हती. हरेश्वर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या होडीवर जायचा. शाळेची नोकरी त्याच्या लेखी तात्पुरती होती. "येत्या पुनवेपासून सुकानू तुज्या हाती," असा शब्द बापाने दिला होता, आणि हे सांगताना हरेश्वरसारख्या माणसाचाही चेहरा फुलून यायचा. त्याला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

त्या वर्षी खुंट रोवले आणि आठवड्याभरात दक्षिण आळीने ओरड केली. काशिनाथ तांडेलचे खुंट दक्षिणेच्या पाण्यात, त्यांच्या जाळ्यांच्या बरोबर तोंडाशी पडले होते. मासळी आधी ह्यांच्या जाळ्यात जायची आणि त्यांना उरेल ते मिळायचं. दक्षिण आळी म्हणाली, मुद्दाम केलं. काशिनाथ तांडेल म्हणाले, खुंट जिथे होते तिथेच आहेत. दिवाळीपर्यंत एक जाळं कापलं गेलं, वल्ह्याने एकाचं डोकं फुटलं, साकवाच्या दोन्ही तोंडांना राखण बसली आणि जाणं-येणं बंद झालं. शाळा ओहळाच्या वरच्या अंगाला, दोघांच्या मधे पडल्यामुळे तेवढी उघडी राहिली.

राखणीला जवान पोरं बसवली होती. मी एक दिवस दुपारी साकवावरून गेलो तर दोन्हीकडची पोरं ओहळात पाय सोडून शेजारी शेजारी बसली होती आणि एकाच काडीवर विड्या पेटवत होती. मला पाहून त्यांनी घाईघाईने आपापली वल्ही उचलली आणि चेहऱ्यावर वैर आणलं. हरेश्वरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वळखीचे लोक हायत."

ह्या सगळ्यात अडकली यमू, हरेश्वरची बहीण. ती दिली होती दक्षिण आळीत, तिथल्या गोविंद तांडेलाच्या घरात. आठवा संपत आला होता. पहिल्या खेपेला तिचं मूल वाचलं नव्हतं. आणि गावातली एकमेव जाणती सुईण होती तिची आई, मथुराबाई. दोन्ही आळींतली यच्चयावत पोरं, साकवावर वल्ही घेऊन बसलेली ती पोरंसुद्धा, मथुराबाईच्या हातावर जन्माला आली होती. पण आता दक्षिण आळीने शपथ घातली होती की तिला बोलवायचं नाही, आणि उत्तर आळीने शपथ घातली होती की तिला सोडायचं नाही. पालघरच्या दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडी, एस.टी. आणि बोईसरहून आगगाडी, एवढं वेणा सुरू झाल्यावर कोण करणार.

एकदा मधल्या सुट्टीत यमू शाळेच्या पायरीवर येऊन बसली. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. हरेश्वरने तिला पाणी दिलं. मी आत वह्या तपासत होतो, खिडकी उघडी होती.

"दादा, आयेला सांग ना रे. मना भीती वाटते."

"येल आय."

"कशी येल? बाबा सोडनार नाय, आमच्या घरचे घेनार नाय. तू उगाच बोलू नको."

हरेश्वरने तिच्या हातातून तांब्या परत घेतला. मग म्हणाला, "मी बगतो." ती गेल्यावर तो रिकामा तांब्या हातात धरून तिथेच उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना. सुट्टी संपल्याची घंटा त्या दिवशी सात-आठ मिनिटं उशिरा झाली, आणि ते प्रथमच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि शिवेवरच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. तिथे एक ताड उभा होता.

"काय दिसतं, मास्तर?"

"ताड."

"गेल्या साली किती व्हते?"

मला आठवेना. मी मासळी न खाणारा माणूस, झाडं कशाला मोजू. "दोन," तो म्हणाला. "जोडताड. पावसाळ्यात वीज पडली, एक गेला. आमचे खुंट उत्तरेच्या ताडावर. बाबांनी होडीतून बगितलं, ताड दिसला, डोंगराच्या खाचेशी जुळवला, खुंट मारले. पन पडला तो उत्तरेचा. उरलाय तो दक्षिनेचा."

एवढी साधी गोष्ट. झाड पडलेलं साऱ्या गावाने पाहिलं होतं, पण एकदा भांडण पेटल्यावर झाड कोण बघतो. मी म्हटलं, "मग सांगून टाक ना. चूक झाली म्हणावं."

"कोनाची चूक? बाबांची?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच वर्गातला ढ मुलगा. "पंचेचाळीस वरसं तांडेल हाय ते. तांडेलानं ताड चुकवला म्हनजे मंग त्येनं मान वर करून किनाऱ्यावर चालायचं कसं? मरतील, पन हो म्हननार नाय. मी सांगितलं काल घरात. ताट फेकलं माज्या अंगावर."

चार दिवसांनी पोलीस पाटलाने बैठक बोलावली. सकाळची वेळ, साकवाजवळची वाळू. दोन्ही आळी समोरासमोर बसल्या, बायका मागे. तिऱ्हाईत म्हणून हेडमास्तरांना आणि मला बसवलं होतं, आणि तिऱ्हाईतांचा शिपाई म्हणून हरेश्वर पाण्याची कळशी घेऊन उभा होता. तासभर जे चाललं त्याला बोलणं म्हणायची माझी तयारी नाही. गोविंद तांडेल आजोबांपर्यंत गेले, काशिनाथ तांडेल पणजोबांपर्यंत. हेडमास्तरांनी राष्ट्रीय एकात्मतेवर चार शब्द सांगितले, ते दोन्ही आळींनी एकमताने दुर्लक्षित केले. मथुराबाई मागच्या रांगेत मांडीवर एक लहानसं गाठोडं घेऊन बसली होती आणि तिचे डोळे ओहळाच्या पलीकडे बसलेल्या लेकीवर होते.

तेवढ्यात हरेश्वरने कळशी खाली ठेवली.

"मना बोलायचं हाय. खुंट मारले त्या दिशी ताड मी धरल्ता."

गोविंद तांडेल पुढे सरकून बसले.

"बाबांचं अंग गरम व्हतं. मी बोललो, तुमी बसा, मी बगतो. जोडताडातला एक पडला ते माज्या ध्यानातच नाय. उरलेला धरला नि खुंट मारायला सांगितलं. बाबांची चूक नाय. कोनी मुद्दाम बी नाय केलं. मिल्ट्रीत ऱ्हावून मी दर्या इसरलो."

आता मला जे माहीत होतं ते सांगतो. खुंट रोवले त्या दिवशी आमच्या शाळेचं इन्स्पेक्शन होतं. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत हरेश्वर बूट घालून फाटकात उभा होता. मी त्याला पाहिलं होतं, हेडमास्तरांनी पाहिलं होतं, दोन्ही आळींतल्या शेदोनशे मुलांनी पाहिलं होतं. तो त्या दिवशी समुद्रावर गेलाच नव्हता.

सत्य म्हटलं की इतिहासाच्या मास्तरला राहवत नाही. मी तोंड उघडलं. हरेश्वर माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पेला भरून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, पानी घ्या." मी पाणी प्यालो. इतिहास शिकवण्यात हयात गेली, पण एखाद्या घटनेला माझा हातभार लागला असेल तर तो त्या दिवशी गप्प बसण्याचा.

पहिलं हसू दक्षिण आळीतून आलं. कोणीतरी म्हणालं, "ताड इसरला तांडेलाचा पोर." मग उत्तर आळीही हसली, मग बायका. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही आळी एकाच गोष्टीला हसत होत्या आणि ती गोष्ट वाळूवर मान खाली घालून उभी होती. मी काशिनाथ तांडेलांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी घसा साफ केला आणि ते मोठ्याने म्हणाले, "मी तवाच बोललो व्हतो. ह्याच्या हाती द्यायला नको व्हतं."

गोविंद तांडेल म्हणाले, "अरे मंग आदी सांगायचं ना." त्यांनाही कुठूनतरी उतरायला शिडी हवीच होती. पुढच्या भांगेला खुंट उपटून आपल्या जागी रोवायचे ठरलं. नारळ आणायला माणूस धावला. तो परत येऊन नारळ फुटायच्या आतच मथुराबाई गाठोडं काखेत मारून उठली आणि कुणाकडे न बघता साकव ओलांडून गेली. राखणीच्या पोरांनी वल्ही बाजूला घेतली.

पुढच्या आठवड्यात यमू बाळंत झाली. अडलेली होती, दीड दिवस हाल झाले, पण आई हाताशी होती. मुलगी झाली. मायलेकी वाचल्या.

गावात पुन्हा सलोखा झाला आणि त्याची किंमत ज्याने द्यायची त्याने दिली. 'ताड इसरला' हे हरेश्वरचं दुसरं नाव झालं. कुठल्याही आळीची होडी त्याला बरोबर घेईना. खूण चुकणारा माणूस होडीवर अपशकुनी, त्यात कुणाचं वैर नव्हतं, तो रिवाज होता. पौर्णिमेला काशिनाथ तांडेलांनी सुकाणू पुतण्याच्या हाती दिलं. हरेश्वरने त्या दिवशी शाळेची प्रत्येक घंटा अचूक वेळेवर वाजवली. त्याची नोकरी आता तात्पुरती राहिली नव्हती.

हे सगळं खोटं आहे हे गावाला ठाऊक नसेल का, असा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षं पडत राहिला. बूट घालून फाटकात उभा असलेला माणूस शेदोनशे मुलांनी पाहिला होता. एखाद्याने तरी घरी सांगितलं असणार, आणि काशिनाथ तांडेलांच्या होडीवरच्या माणसांना तर ते माहीतच होतं. मला वाटतं, ठाऊक होतं. सोयीचं होतं म्हणून कोणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. मला तेव्हा गावाचा संताप आला होता, म्हाताऱ्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त हरेश्वरचा. एकदा तर मी त्याला सुनावलं, "तुझा काय संबंध होता? कुणी सांगितलं होतं तुला?"

"कोनी नाय," तो म्हणाला. "तिकडं चार म्हयने मधी उभा व्हतो, मास्तर. कोनाच्याच बाजूनं नाय. हितं मना यमूची बाजू घ्यायची व्हती." आणि तो खडूचा डबा भरायला निघून गेला.

तीन-साडेतीन वर्षांनी माझी पालघरच्या शाळेत नेमणूक झाली. निघायच्या दिवशी दुपारी हरेश्वरचा निरोप घ्यायला त्याच्या घरी गेलो. तो दारातच जुन्या जाळ्याच्या गाठी सोडवत बसला होता. ओट्यावर काशिनाथ तांडेल. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या मांडीवर यमूची मुलगी ऐसपैस बसली होती आणि म्हाताऱ्याचे कान ओढत होती.

"मंग काय झालं, आजा?"

"मंग तुज्या मामानं दुसराच ताड धरला. मिल्ट्रीत गेला नि दर्या इसरला." म्हातारा थांबला. त्याने जाळ्याच्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. "खरं ना रे, हरेश्वर?"

"खरं, बाबा."

पोरगी खदखदून हसली. तिला ही गोष्ट पाठ असावी, कारण ती योग्य जागी हसली. हरेश्वर गाठ सोडवता सोडवता मला म्हणाला, "रोज इचारतात."

म्हाताऱ्याचा उजवा हात हवेत चाचपडत पुढे आला. जाळ्याला लागला, तिथून वर सरकला, हरेश्वरचा खांदा सापडला तसा तिथे थांबला. पोरगी म्हणाली, "आजा, पुडं सांग." हरेश्वर खांदा न हलवता एका हाताने जाळ्याची गाठ सोडवत राहिला. माझी एस.टी. चुकायला नको म्हणून मी उठलो, तेव्हाही तो हात तिथेच होता.